पुरणपोळीला रकाना नव्हता

बसा मंडळी, बसा. जरा पुढं सरकून बसा. खांबाला टेकून बसणाऱ्यांना आख्यानात झोप लागते, हा आमचा जुना अनुभव आहे! बुक्का लावून झाला, हार घालून झाला, पेटीवाल्यांचा चहा झाला — काय हो पेटीवाले, झाला ना? — झाला म्हणतात. चला तर, उत्तररंगाला लागू.

पूर्वरंगात आपण काय म्हटलं? देवानं जे दिलं ते सांभाळा. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. फार छान डोलावल्या! आता मी एकच विचारतो — सांभाळणं म्हणजे काय हो? वस्तू जागच्या जागी लावली, तिच्यावर नाव घातलं, पाहिजे तेव्हा चटकन सापडली — म्हणजे ती सांभाळली का? तुम्ही म्हणाल, बुवा, हा काय प्रश्न झाला, सापडली म्हणजे सांभाळलीच की! बरं. मग ऐका.

आज पुराणातली गोष्ट नाही. गोष्ट मिरजेची आहे. हिच्यात राक्षस नाही, शाप नाही, आकाशवाणी नाही. एक कॉम्प्युटर आहे. हसू नका! कॉम्प्युटरसुद्धा माणसाला रडवतो, आणि वीज गेली म्हणून नव्हे.

तर मिरजेत मनोहरपंत सोवनी नावाचे गृहस्थ. मामलेदार कचेरीत नोकरी, आणि गाण्याचं वेड! स्वतः गात नव्हते — त्यांचा आवाज म्हणजे फाटका पत्रा. पण कान? कान असा, की तंबोऱ्याची तार केसभर उतरली तर यांच्या कपाळाला आठी! दर महिन्याला त्यांच्या माडीवर बैठक व्हायची. मिरजेचे, सांगलीचे, कधी कोल्हापूरचे गवई यायचे. बिदागी बेताची, पण श्रोते असे जाणते की गवई आपण होऊन यायचे. आणि पंत त्या बैठकी टेपवर भरून घ्यायचे.

आता टेप म्हणजे काय, हे इथल्या निम्म्या लोकांना सांगायला हवं. कॅसेट हो! पेन्सिल घालून फिरवायची ती! आठवली? ज्यांना आठवली त्यांचे गुडघे दुखतात, हे मी पैजेवर सांगतो.

कॅसेटवर कागदाची चिठ्ठी चिकटवायची — कोण गायलं, काय गायलं. पण मिरजेचा पावसाळा, आणि कपाटात कसर! चिठ्ठ्या गळून पडायच्या. एकदा तर पंतांनी पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं, "आता भूप ऐका," आणि कळ दाबली, तर आतून रेडिओवरचे बाजारभाव! गुळाचा दर काय, हळदीचा दर काय! पाहुण्यांनी दाद दिली म्हणतात.

तेव्हा पंतांनी युक्ती काढली. चिठ्ठी गळते, पण आवाज काही गळत नाही. टेप सुरू झाली की आधी बोलून ठेवायचं — गाव, राग, ताल, गवई, साथीला कोण. म्हणजे कॅसेटच आपलं नाव सांगेल! पण बोलायचं कोणी? पंतांचा तर फाटका पत्रा! मग आतून हाक मारली, "अगं, जरा माडीवर ये."

अगं म्हणजे त्यांची बायको. कुमुदताई.

कुमुदताई यायच्या. खाली तीस माणसांचं मसाला दूध उकळत असायचं, ते सोडून यायच्या. पदराला हात पुसायच्या, मायक्रोफोनसमोर ताठ उभ्या राहायच्या, आणि आवाज कसा? लख्ख! काशाच्या वाटीवर चमचा वाजवावा तसा. "मिरज. आज वैशाखातली बैठक. राग पूरिया. ताल विलंबित एकताल." गवयाचं नाव, तबलजीचं नाव, पेटीवाल्याचं नाव — हो हो, पेटीवाल्याचंसुद्धा घ्यायच्या, तुम्ही खूश व्हा! — तंबोऱ्यावर कोण बसलंय त्याचंही. सगळं बिनचूक.

आणि मग, मंडळी, शेवटी एक वाक्य आपलं स्वतःचं. ते पंतांनी सांगितलेलं नसायचं. "आज आमच्याकडे पुरणपोळी आहे." नाहीतर, "शलाकाला ताप आहे, पण उतरेल." शलाका म्हणजे त्यांची मुलगी, एकुलती एक. कधी, "शेजारच्यांची गाय व्याली." एवढं म्हणायच्या आणि दूध उतू जाईल म्हणून धावत खाली!

पंत कपाळाला हात लावायचे. "अगं, पूरियाच्या आधी गाय कशाला?"

त्या जिन्यातूनच म्हणायच्या, "अहो, पूरिया तर हजार वेळा होईल! गाय आजच व्यालीय!"

अशी वर्षं गेली. वीस-पंचवीस वर्षं. शलाका लग्न होऊन इंदूरला गेली. गवई थकले, बैठकी थांबल्या. पंत सेवानिवृत्त झाले आणि घरात कॉम्प्युटर आला. जुन्या कॅसेटींना बुरशी यायला लागली होती, म्हणून पंतांनी ठरवलं — सगळं गाणं कॉम्प्युटरवर उतरवायचं. चांगलं की वाईट? चांगलंच! मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी ते केलं नसतं तर ते गाणं आज कुठेच नसतं. लक्षात ठेवा, ही दुष्ट माणसाची गोष्ट नाही. तशी असती तर सोपं होतं. आपण त्याला नावं ठेवून घरी गेलो असतो!

आता कॉम्प्युटरवर गाणं ठेवायचं तर दोन गोष्टी लागतात. एक फाइलचं नाव. ते बाहेरून दिसतं — डब्यावर आपण चिठ्ठी लावतो ना, 'रवा', 'साखर', तसं. आणि दुसरा टॅग. टॅग म्हणजे? आपण भांड्यांवर नाव घालून घेतो की नाही! मशीननं टर्रर्र करून! चिठ्ठी निघेल, पण ते नाव भांड्याबरोबरच जातं. तसा टॅग गाण्याच्या पोटातच असतो. त्यात रकाने असतात. शीर्षक, कलाकार, साल, प्रकार. भरायचे.

पंत भरायला बसले. सकाळी अंघोळ, पूजा, की कॉम्प्युटर. कॅसेट लावायची. आतून कुमुदताईंचा आवाज यायचा — "मिरज. राग पूरिया. ताल विलंबित एकताल." पंत ऐकायचे, एका बोटानं टाइप करायचे. राग — भरला. ताल — भरला. गवई — भरला. मग "आज आमच्याकडे पुरणपोळी आहे." आता ही कुठे भरायची? पुरणपोळीला रकाना नव्हता! सोडून दिली.

आणि मग? इथं ऐका, मंडळी, इथं गोष्ट वळते. सगळी माहिती टॅगमध्ये गेली ना? मग तीच पुन्हा बोलून कशाला हवी? राग म्हणजे कसा, तंबोऱ्यापासून सुरू झाला पाहिजे! पंतांनी माऊस धरला, सुरुवातीचा तेवढा तुकडा निवडला, आणि कापला. फाइल स्वच्छ! पहिल्याच क्षणी तंबोरा, षड्ज! वाहवा!

एक फाइल कापली. दुसरी कापली. पुढं पुढं हाताला सवय झाली. हात कापतोय आणि मन पुढच्या रागात! आपण नाही का, शेंगा सोलता सोलता टरफल ताटात आणि दाणा टोपलीत टाकतो? तसंच झालं. सगळा संग्रह — हजारावर फाइली — एकसारख्या, नीटनेटक्या. कॅसेटींच्या दोन पोत्यांना कसर लागलेली. दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याला दिली. कुमुदताईंनीच एक पोतं उचलायला हात लावला.

*राग लिहीला, ताल लिहीला, लिहिले साल नि गाव ।*
*बोलत होती जी हे सारे, कुठे तियेचे नाव? ॥*

पण तेव्हा हे कोणाच्या ध्यानात? पंतांचा लौकिक वाढला! सांगलीहून, पुण्याहून माणसं येत. "पंत, पूरिया आहे का?" पंत चार अक्षरं टाइप करायचे आणि पूरियांची रांग हजर! लोक तोंडात बोटं घालायचे. पंत प्रती करून द्यायचे, अगदी मोकळ्या हातानं. आणि कुमुदताई सगळ्यांना दूध द्यायच्या.

मग एका हिवाळ्यात कुमुदताईंचा आवाज बसला. थंडी असेल म्हणाले. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. आवाज सुटेना. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव, तपासायला वेळ लागला नाही. डॉक्टर म्हणाले, घशात गाठ आहे, वाईट आहे. जीव वाचेल. पण स्वरयंत्र काढावं लागेल.

पंतांना एवढंच ऐकू आलं — जीव वाचेल. तुम्हा-आम्हालाही तेवढंच ऐकू आलं असतं.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी कुमुदताई कॉम्प्युटरपाशी आल्या. आवाज म्हणजे नुसती खरखर. म्हणाल्या, "अहो, एक सांगू का?"

"बोल ना."

"माझं जरा काहीतरी भरून ठेवा. उद्यापासून नाही ना बोलता येणार."

पंत घाबरले. पण माणूस घाबरला की धीर द्यायला लागतो! आणि त्यातून कान पडला रसिकाचा. म्हणाले, "अगं, या बसलेल्या आवाजात कशाला? तुझा चांगला खणखणीत आवाज आहे की टेपांवर! एकूण एक बैठकीत तूच तर आहेस! तो आवाज असताना हा कशाला?"

मंडळी! तुम्हाला आठवलं ना? त्यांना नाही आठवलं! ज्या हातांनी कापलं त्यांनी डोक्याला कळवलंच नव्हतं. त्यांच्या कानात अजून ती माडी होती, ते "मिरज. राग पूरिया" होतं. ते खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं.

कुमुदताईंचा चेहरा फुलला. "हो की! माझ्या लक्षातच आलं नाही," म्हणाल्या. आणि त्या खरखरत्या आवाजात जे बोलायचं होतं, ते पोटात ठेवून उठल्या. पोळ्या लाटायच्या होत्या.

शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. गळ्याला भोक पडलं, श्वास तिथून. आवाज गेला. पंतांना बोलवायचं तर त्या टाळी वाजवायच्या. शलाकाचा इंदूरहून फोन आला की ती एकटीच बोलायची आणि कुमुदताई फोनवर नख वाजवायच्या — एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आई-लेकीचं बोलणं ते एवढंच.

एक दिवस शलाका म्हणाली, "बाबा, आईचा आवाज ऐकावासा वाटतो हो. त्या बैठकींच्या आधी ती बोलायची ना? त्यातलं एखादं पाठवा ना मला. मी तापानं पडले होते, तेव्हाचं असेल तर तेच पाठवा."

पंत ऐटीत म्हणाले, "एखादं कशाला? पन्नास पाठवतो!"

कुमुदताई पदर सावरून शेजारी येऊन बसल्या. त्यांनाही ऐकायचं होतं! आपला आवाज आपल्याला ऐकायचा होता हो त्या बाईला!

पंतांनी पूरिया लावला. तंबोरा. थोडं मागं नेलं. मागं काही नव्हतंच. दुसरी फाइल लावली — तंबोरा. तिसरी — तंबोरा. ज्या तंबोऱ्याच्या पहिल्या झंकारावर या माणसानं जन्मभर जीव टाकला, तो झंकार आज छातीत खिळा ठोकल्यासारखा वाजायला लागला. तंबोरा! तंबोरा! तंबोरा! आणि मग हाताला आठवलं, आपण काय केलं ते.

पण बोलायचं धैर्य झालं नाही. म्हणाले, "कॉम्प्युटर बिघडलेला दिसतोय. बघतो मी."

कुमुदताईंनी टेबलावर नख वाजवलं. एकदा. बरं.

मग पंतांनी काय काय केलं! भंगारवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "काका, किती दिवाळ्या झाल्या त्याला!" ज्यांना प्रती दिल्या त्या सगळ्यांना फोन केले. सांगलीच्या एका स्नेह्याला म्हणाले, "तुमच्या पूरियाच्या आधी काही बोलणं आहे का हो? बाईचा आवाज?" तो स्नेही कौतुकानं म्हणाला, "छे, छे! पंत, तुमची प्रत म्हणजे कशी, एकदम स्वच्छ! म्हणून तर तुमच्याकडून घ्यायची!" पंतांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. लहान पोरासारखे रडले.

शेवटी एका दुपारी कुमुदताई पोळ्यांचं आवरून आल्या आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. दुरुस्त झाला का?

पंत म्हणाले, "तो बिघडलेला नाही. मी कापलं." मग सगळंच सांगितलं. "तू जे बोललीस ते सगळं मी रकान्यांत लिहून घेतलं, आणि तुझा आवाज कापून टाकला. सगळीकडून. एकसुद्धा ठेवला नाही. आणि शेवटी भरून ठेवा म्हणालीस, तेही मी..."

काय करावं कुमुदताईंनी? भांडी आपटावीत? बोलून घ्यावं? बोलायला आवाज तरी हवा! देवानं त्या बाईकडे रागवायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती. त्या खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हुंदका नव्हता — हुंदक्यालाही आवाज लागतो, मंडळी.

मग त्या उठल्या. पदराला हात पुसले. कॉम्प्युटरच्या मायक्रोफोनसमोर ताठ उभ्या राहिल्या. आणि पंतांना खूण केली — कळ दाबा.

पंतांनी कळ दाबली.

इतकी वर्षं ही बाई बोलत असताना पंतांचे डोळे कुठं असायचे? टेपच्या काट्यावर! काटा लाल रेघेत तर जात नाही ना! तिच्या चेहऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. आज बघितलं. बघावंच लागलं, कारण ऐकायला काही नव्हतं. नुसते ओठ हलत होते. मिरज. राग पूरिया. ताल विलंबित एकताल. गवयाचं नाव, तबलजीचं नाव, सगळी नावं ओळीनं. पंतांना एकूण एक शब्द कळला. पाठच होते ना! टॅग त्यांनीच भरले होते!

आणि शेवटी ओठ पुन्हा हलले. ते शेवटचं वाक्य. स्वतःचं.

ते पंतांना कळलं नाही.

"काय? काय म्हणालीस? पुन्हा म्हण ना!" अहो, विनवण्या केल्या, हात जोडले! कुमुदताई ओल्या डोळ्यांनीच हसल्या. मान हलवली. गाय काय रोज व्यायची असते? आणि आत गेल्या.

पंतांनी ती फाइल ठेवली. टॅग उघडला. कलाकार. इथं त्यांचं बोट अडखळलं. कारण 'अगं' असं काही लिहिता येईना! मंडळी, त्या माणसानं बायकोचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. त्यानंतर अगं. हजार गवयांची, तबलजींची नावं बिनचूक लिहिणाऱ्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं — कुमुदिनी मनोहर सोवनी. मग आला शीर्षकाचा रकाना. काय लिहिणार? जे शीर्षक होतं तेच तर कळलं नव्हतं. आयुष्यात एक रकाना रिकामा न सोडणाऱ्या पंतांनी तो रिकामा सोडला.

फाइल शलाकाला पाठवली. काय आहे तिच्यात? गळ्याच्या भोकातून येणारा श्वास, पदराची सळसळ आणि मध्येच बांगड्या. बस्स. पोरीनं ती शेवटपर्यंत ऐकली, फोन लावला. मग म्हणाली, "बाबा, बांगड्या आईच्याच आहेत." आणि फोन ठेवून दिला.

पुढच्या वर्षी कुमुदताई गेल्या. ते वाक्य त्यांच्याबरोबर गेलं. पंत आहेत अजून. पूरिया ऐकायला कोणी येत नाही आता, सगळं सगळ्यांच्या मोबाइलवर असतं. ते मात्र रोज ती एक फाइल लावतात आणि डोळे मिटून घेतात. बिनआवाजाची फाइल! शेजारचे म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तुम्हीही म्हणाल का?

आता मी तुम्हाला विचारतो. मिरज सोडा. तुमच्याकडे येतो! हे समोर मोबाइल उंच धरून बसलेत — माझं आख्यान भरून घेताय ना? नाव काय देणार? 'बुवा एक', 'बुवा फायनल', 'बुवा फायनल नवीन'! द्या, काही हरकत नाही. पण घरातून निघताना मागून कोणीतरी म्हणालं होतं, "अहो, स्वेटर घ्या, गार पडलंय." ते ऐकलंत? "हो हो" म्हणालात आणि जोडे घातलेत! देवानं दिलं ते सांभाळा म्हटल्यावर माना डोलावल्यात. पण देव देतो ते वाजतगाजत थोडंच देतो? तो स्वयंपाकघरातून हाक मारतो, "पान वाढलंय," म्हणून! आणि तुम्ही काय करता? कापता. महत्त्वाचं नाही म्हणून कापता. सांभाळायच्या यादीत ते धरतच नाही!

शेवटी आपण देवाचं नाव घेणार आहोत, टाळ्या वाजवून घेणार आहोत. पण त्याच्या आधी — थांबा, टाळ घाईनं उचलू नका — शेजारी बसलंय ना, त्या माणसाचं नाव घ्या. अगं नाही, अहो नाही, नाव! लाजू नका. घरी राहिलं असेल तर इथूनच घ्या. आणि जिथं आता ऐकू जाणार नाही, तिथं गेलं असेल तर... तरी घ्या. मोठ्यानं घ्या.

मी थांबतो. देवालाही घाई नाही.